अफ्लाटॉक्सिन : शेंगेपासून दुधापर्यंत

भरली वांगी असोत, काकडीची कोशिंबीर असो की उपवासाची साबुदाण्याची खिचडी. दाण्याच्या कुटावाचून महाराष्ट्रातील घरोघरचा स्वयंपाक पुरा होत नाही. भुईमुगाचे तेल काढल्यावर उरणारी पेंड गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते आणि तेथून दुधाच्या रूपाने पुन्हा आपल्याच घरी येते. इतक्या वाटांनी आपल्या आहारात शिरलेल्या या दाण्यावर अनुकूल हवामान मिळताच एक हिरवट-पिवळी बुरशी वाढते. ही बुरशी जे विष तयार करते, त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. अन्नात ते ज्या अत्यल्प प्रमाणात आढळते, त्या प्रमाणात त्याला ना रंग असतो, ना वास, ना चव. शिजविल्याने ते पुरते नाहीसे होत नाही आणि दूध उकळले तरी दुधातच राहते.

या विषाचा शोध लागून साठ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. या काळात पशुवैद्यक, बुरशीशास्त्र, रसायनशास्त्र, वैद्यक आणि अन्नशास्त्र या साऱ्या शाखांच्या प्रयोगशाळा त्यामागे लागल्या. उपयोजित संशोधन म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. अब्जावधी कणांतील एखादा विषाचा कण टिपणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. तरीही माणसाचे आरोग्य ठरते ते यंत्रापर्यंत नमुना कसा पोहोचतो आणि त्याही आधी शेंगा कशा वाळविल्या जातात, यावर. अफ्लाटॉक्सिनच्या इतिहासातून हीच गोष्ट वारंवार समोर येते.

एक लाख पक्ष्यांचा मृत्यू

१९६० साली इंग्लंडमधील टर्कीपालकांवर मोठे संकट कोसळले. टर्की पक्ष्यांची पिले अन्न सोडू लागली, मलूल होऊ लागली आणि काही दिवसांतच दगावू लागली. अवघ्या काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पक्षी मेले. शवविच्छेदनात यकृताची मोठी हानी दिसे, पण कारण उमगत नव्हते. म्हणून या अज्ञात विकाराला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. प्रथम विषाणूचा संशय घेण्यात आला. परंतु आजारी पक्ष्यांपासून निरोगी पक्ष्यांना लागण होताना दिसेना. पुढे बदकांची पिलेही तशीच मरू लागली, तेव्हा तपासाची दिशा बदलली आणि संशोधक पक्ष्यांच्या खाद्याकडे वळले.

मेलेल्या पक्ष्यांच्या खाद्यात एक समान घटक आढळला, तो म्हणजे ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड. या पेंडीचा अर्क काढून तो बदकाच्या कोवळ्या पिलांना दिला असता त्यांच्या यकृतात तेच बदल दिसले. बदकाचे एक दिवसाचे पिलू या विषाला विलक्षण संवेदनशील असल्याने पुढे काही काळ तेच या विषाची कसोटी बनले. १९६१ मध्ये ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी या विषाचे उगमस्थान असल्याचे निश्चित झाले. ॲस्परजिलसमधील आद्याक्षर, फ्लेव्हसमधील ‘फ्ला’ आणि विष या अर्थाचा ‘टॉक्सिन’ हा शब्द मिळून अफ्लाटॉक्सिन हे नाव रूढ झाले.

पेंडीचा अर्क क्रोमॅटोग्राफी या पद्धतीने घटकांत विभागून अतिनील प्रकाशाखाली धरला, तेव्हा त्यातील काही ठिपके निळे तर काही हिरवे चमकू लागले. निळ्याच्या ‘ब्लू’वरून ‘बी’ आणि हिरव्याच्या ‘ग्रीन’वरून ‘जी’ अशी या विषांची विभागणी झाली. बी-१, बी-२, जी-१ आणि जी-२ हे त्यांतील चार प्रमुख प्रकार असून बी-१ सर्वांत घातक आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांची रासायनिक रचना उलगडली. अतिनील प्रकाशात चमकण्याचा हा गुण आजही प्रयोगशाळांच्या उपयोगी पडतो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दूषित पेंड खाल्लेल्या उंदरांच्या यकृतात गाठी होत असल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील मत्स्यपालन केंद्रांमध्ये ट्राउट माशांना झालेल्या यकृताच्या कर्करोगाचे मूळही पुढे त्यांच्या खाद्यातील दूषित सरकीच्या पेंडीत सापडले. थोडक्यात, हे विष भरपूर प्रमाणात पोटात गेल्यास तत्काळ मारते आणि अल्प प्रमाणात दीर्घकाळ जात राहिल्यास कर्करोगाला कारण ठरते, हे प्राण्यांच्या बाबतीत स्पष्ट झाले होते. माणसाच्या बाबतीतील पुरावा मिळायचा होता.

पंचमहाल आणि बांसवाडा

तो पुरावा दुर्दैवाने भारतातूनच मिळाला. १९७४ सालच्या पावसाळ्यानंतर गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या शेजारी जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात काविळीची विचित्र साथ पसरली. रुग्णांना कावीळ होई, पाठोपाठ पोटात पाणी साचून जलोदर होई आणि अनेकांचा काही आठवड्यांत मृत्यू होई. दोनशेहून अधिक गावांत ही साथ होती. ३९७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी १०६ जण दगावले. घरातील कुत्र्यांनाही हाच विकार होत होता, ही बाब तपास करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नाही. संसर्गजन्य काविळीची साथ माणसांबरोबर घरच्या कुत्र्यांनाही मारीत सुटत नाही. माणसे आणि कुत्री यांच्यात समान होते ते अन्न, आणि ते अन्न होते मका.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी, रमेश भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साथीचा अभ्यास केला. त्यांचा शोधनिबंध १९७५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मका काढणीला आला असताना अवकाळी पाऊस झाला होता. ओली कणसे नीट न वाळताच साठविली गेली आणि गरिबीमुळे बुरशी आलेला मका टाकून देणे कोणाला परवडले नाही. बाधित घरांतील मक्यात प्रतिकिलो ६.२५ ते १५.६ मिलिग्रॅम एवढे अफ्लाटॉक्सिन आढळले. आजच्या भारतीय मर्यादेच्या तुलनेत हे प्रमाण चारशे ते हजार पट ठरते.

या साथीचा धडा जगाने पुरता गिरवला असे म्हणता येत नाही. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात जवळजवळ तसेच घडले. तेथेही मका हेच मुख्य अन्न होते आणि ओला मका घरातच साठविला गेला होता. ३१७ जण आजारी पडले आणि १२५ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही ठिकाणी बळी पडले ते स्वतः पिकविलेले धान्य स्वतःच खाणारे लोक. त्यांच्या घरातील धान्य कोणत्याही बाजारातून वा तपासणी नाक्यावरून जात नाही. त्यामुळे केवळ कायद्याने त्यांचे रक्षण होणे शक्य नव्हते.

यकृतात काय घडते?

आपल्या शरीरात आलेले बाहेरचे पदार्थ निष्प्रभ करून बाहेर टाकणे हे यकृताचे काम. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत मात्र हे काम यकृतावरच उलटते. यकृतातील विकरे बी-१ या विषावर प्रक्रिया करतात, तेव्हा त्यापासून एक अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो. हा रेणू पेशीतील डीएनएला चिकटतो आणि पेशी विभागताना जनुकांच्या नकलेत चूक होते. शरीरात ‘पी-५३’ नावाचे एक जनुक पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालते. चीन आणि दक्षिण आफ्रिकेतील यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये या जनुकातील एका ठराविक जागीच बदल झालेला असतो, असे १९९१ मध्ये दिसून आले. अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण जेथे अधिक, तेथे हा बदल अधिक. विषाने पेशीत मागे ठेवलेली ती जणू खूणच होय.

उंदीर आणि घूस यांच्या वर्गातील प्राण्यांवरील प्रयोगांतून आणखी एक उलगडा झाला. प्रयोगशाळेतील लहान पांढरा उंदीर या विषाला बराच दाद देत नाही, तर त्याचाच मोठा भाऊबंद मात्र सहज बळी पडतो. लहान उंदराच्या यकृतातील एक विकर तो क्रियाशील रेणू झपाट्याने निष्प्रभ करते, हे त्यामागील कारण. माणसाकडे अशी सोय लहान उंदराइतकी प्रभावी नाही.

माणसाने किती विष खाल्ले, हे त्याला विचारून कळत नाही. म्हणून संशोधकांनी लघवीत आणि रक्तात उतरणाऱ्या खुणा मोजण्याच्या पद्धती विकसित केल्या. चीनमधील शांघाय येथे अठरा हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने घेऊन पुढे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्यात आले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असलेल्यांमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोका सुमारे ३.४ पट, तर हिपॅटायटिस बी या विषाणूची बाधा असलेल्यांमध्ये ७.३ पट होता. ज्यांच्यात दोन्ही गोष्टी होत्या, त्यांच्यात मात्र हा धोका तब्बल ५९ पटींवर गेला. हिपॅटायटिस बीची लस म्हणूनच या विषाविरुद्धही अप्रत्यक्षपणे उपयोगी ठरते. भारतात या लसीचा सार्वत्रिक लसीकरणात समावेश २००२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आणि पुढे तो देशभर करण्यात आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ मध्ये अफ्लाटॉक्सिनचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

या संशोधनाला एक आशादायक बाजूही आहे. चीनमधील किडोंग परिसरात १९८०च्या दशकानंतर लोकांचे मुख्य अन्न मक्याऐवजी तांदूळ झाले. त्यानंतर तेथील लोकांच्या रक्तातील अफ्लाटॉक्सिनच्या खुणा घटल्या आणि यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही घटले. लस न मिळालेल्या पिढ्यांतही ही घट दिसली. ताटातील विष कमी झाले की रोगही कमी होतो, हे यावरून सिद्ध झाले.

दुधाची वाट

दुभत्या जनावराने बी-१ हे विष खाल्ले की त्याच्या यकृतात त्यापासून ‘एम-१’ हा प्रकार तयार होतो आणि तो दुधात उतरतो. दूध या अर्थाच्या ‘मिल्क’ या शब्दावरून त्याला ‘एम’ हे अक्षर मिळाले. खाल्लेल्या विषापैकी साधारणतः एक ते तीन टक्के भाग अशा रीतीने दुधात येतो. भरपूर दूध देणाऱ्या गाईंमध्ये हे प्रमाण त्याहूनही अधिक असू शकते. प्रमाण अल्प वाटते, पण हिशेब केला तर त्याचे गांभीर्य कळते. समजा, एका गाईने प्रतिकिलो १०० मायक्रोग्रॅम विष असलेली दोन किलो पेंड खाल्ली. तिच्या पोटात २०० मायक्रोग्रॅम विष गेले. त्याचे दोन टक्के म्हणजे चार मायक्रोग्रॅम विष दुधात आले आणि गाईने त्या दिवशी आठ लिटर दूध दिले, तर प्रत्येक लिटरमध्ये अर्धा मायक्रोग्रॅम विष उतरेल. भारतीय नियमांनुसार दुधातील एम-१ची कमाल मर्यादा नेमकी तेवढीच, म्हणजे प्रतिकिलो ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातील शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने गोळा करून तपासले. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. दुधातील भेसळीची चर्चा आपल्याकडे नेहमीच होते. परंतु या पाहणीत आरोग्यास अपायकारक भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. अफ्लाटॉक्सिन एम-१चे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक असलेले नमुने मात्र ३६८, म्हणजे ५.७ टक्के होते. हे विष दुधात कोणी मिसळत नाही. ते वैरणीतून आणि पेंडीतून येते. दूध पाश्चराइज केल्याने वा घरी उकळल्याने ते निघून जात नाही. दुधाचे चीज केले तर ते प्रथिनांबरोबर चीजमध्ये जाते.

दिलासा देणारी गोष्ट एवढीच की, दूषित खाद्य बंद केल्यावर काही दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होते. म्हणजेच उपाय दूध संकलन केंद्रावर नाही, तर गोठ्यात आहे. बुरशी आलेले धान्य माणसाच्या खाण्याजोगे राहिले नाही म्हणून ते जनावरांपुढे टाकण्याची रीत आपल्याकडे सर्रास आढळते. धान्य वाया जाऊ नये ही त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. पण जे आपण ताटातून दूर केले, तेच पेल्यातून लहान मुलांच्या पोटात जाते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

एका दाण्याचा हिशेब

प्रयोगशाळेत आलेला नमुना प्रथम बारीक दळतात. मिथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात त्याचा अर्क काढतात आणि तो अर्क एका छोट्या नळीतून जाऊ देतात. या नळीत अफ्लाटॉक्सिनलाच पकडून ठेवणारी प्रतिपिंडे असतात. बाकीचे सारे वाहून जाते आणि अडकलेले विष नंतर वेगळे काढून एचपीएलसी या यंत्रात मोजले जाते. अतिनील प्रकाशातील चमक येथे पुन्हा कामी येते. ज्यांना महागडे यंत्र परवडत नाही, त्यांच्यासाठी एलायझा ही रंगबदलावर आधारलेली स्वस्त चाचणी आहे. हैदराबादजवळील पटानचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने अशा कमी खर्चाच्या चाचण्या विकसित करून त्या शेतकऱ्यांच्या संघटनांपर्यंत पोहोचविण्याचे काम केले आहे.

यंत्रे अचूक असली तरी खरी अडचण त्यांच्या आधीच उभी राहते. अफ्लाटॉक्सिन धान्याच्या राशीत सारखे पसरलेले नसते. हजारो दाणे पूर्णतः स्वच्छ असतात आणि एखाद्या दाण्यात मात्र विष ठासून भरलेले असते. एकाच शेंगदाण्याच्या वजनाचा हजारावा हिस्सा विषाचा असल्याच्या नोंदी आहेत. अर्ध्या ग्रॅमच्या अशा एका दाण्यात ५०० मायक्रोग्रॅम विष असेल. तो दहा किलो दाण्यांत मिसळला, तर त्या साऱ्या ढिगाचे सरासरी प्रमाण प्रतिकिलो ५० मायक्रोग्रॅम होईल आणि ढीग अपात्र ठरेल. दहा किलोंत असे सुमारे वीस हजार दाणे असतात. वीस हजारांतील तो एक दाणा आपल्या मुठीत येईल की नाही, हा निव्वळ योगायोग. म्हणूनच एकाच पोत्यातून मूठभर दाणे उचलून केलेली चाचणी, मग ती कितीही महागड्या यंत्रावर केलेली असो, फारसे काही सांगत नाही.

यासाठी नमुना घेण्याचे शास्त्रच वेगळे विकसित झाले. मोठ्या खेपेच्या निरनिराळ्या भागांतून अनेक लहान नमुने घ्यायचे, ते एकत्र करायचे, सगळा ढीग दळून एकजीव करायचा आणि मगच त्यातील थोडा भाग तपासणीला घ्यायचा. युरोपीय संघाच्या नियमांत मोठ्या खेपेतील शंभर ठिकाणांहून माल घेणे अपेक्षित आहे. भारतातून तेथे जाणाऱ्या शेंगदाण्यासाठी अपेडा या निर्यात प्राधिकरणाने ‘पीनट डॉट नेट’ ही नोंदव्यवस्था उभारली असून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील तपासणी त्यात बंधनकारक आहे. निर्यातीच्या मालाला जी शिस्त लागू आहे, ती गल्लीतील किराणा दुकानात सुट्या विकल्या जाणाऱ्या दाण्यांना तितक्याच काटेकोरपणे लागू होत नाही, हेही तितकेच खरे.

मर्यादा किती असावी?

अफ्लाटॉक्सिन अन्नात अजिबात नको, असे म्हणणे सोपे आहे. परंतु उष्ण प्रदेशातील पिकात ते शून्यावर आणणे व्यवहारात शक्य नाही. म्हणून प्रत्येक देश एक मर्यादा ठरवितो. भारतात पूर्वीच्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत ही मर्यादा प्रतिकिलो ३० मायक्रोग्रॅम होती. आता तृणधान्ये, डाळी आणि पुढील प्रक्रियेसाठीचे शेंगदाणे यांना १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. अमेरिकेत ती अन्नासाठी २० मायक्रोग्रॅम आहे, तर युरोपीय संघात थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी केवळ चार. प्रतिकिलो १५ मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा टन शेंगदाणे भरलेल्या एका ट्रकमध्ये सर्व मिळून १५० मिलिग्रॅम विष, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी.

या आकड्यांतील तफावतीमागे केवळ शास्त्र नसते. श्रीमंत आणि थंड हवेचे देश शेंगदाणे आयात करतात. त्यांना कडक मर्यादा परवडते. ज्या देशात हे पीक लाखो शेतकरी कोरडवाहू जमिनीत घेतात, तेथे मर्यादा खाली आणली की नाकारल्या गेलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. परदेशी ग्राहकाने नाकारलेला माल देशी बाजारात वळविला गेला, तर कडक मर्यादेचा लाभ परक्यांना आणि तोटा आपल्या लोकांना, अशी स्थिती होते. मर्यादेबरोबर नाकारलेल्या मालाच्या विल्हेवाटीचा विचारही म्हणूनच आवश्यक ठरतो. अशा दाण्यांचे तेल काढून ते शुद्ध करता येते, कारण तेलाच्या शुद्धीकरणात हे विष निघून जाते. मात्र विषाचा मोठा भाग पेंडीत उरतो आणि ती पेंड पुन्हा गोठ्याकडे निघते.

बुरशीवर बुरशीचाच उतारा

या बुरशीचे एक सख्खे भावंड माणसाच्या फार उपयोगाचे आहे. जपानमध्ये सोया सॉस, मिसो आणि साके हे पदार्थ ज्या बुरशीच्या साह्याने तयार होतात, ती ॲस्परजिलस ओरायझी ही फ्लेव्हसची अतिशय जवळची नातेवाईक. शतकानुशतके माणसाळलेल्या या बुरशीत विष निर्माण करणारी यंत्रणा निकामी झालेली आहे. निसर्गात फ्लेव्हसचेही असे काही प्रकार आढळतात, जे विष तयारच करीत नाहीत.

या निरीक्षणाचा उपयोग अमेरिकी कृषी खात्यातील शास्त्रज्ञांनी करून घेतला. निर्विष बुरशी धान्याच्या मृत दाण्यांवर वाढवून ती पीक उभे असताना शेतात टाकली, तर ती विषारी बुरशीची जागा बळकावते आणि शेंगांतील विष मोठ्या प्रमाणात घटते. अमेरिकेत भुईमुगासाठी अशा उत्पादनाला २००४ मध्ये मान्यता मिळाली. आफ्रिकेत नायजेरियातील आंतरराष्ट्रीय संस्थेने स्थानिक निर्विष बुरशी निवडून ‘अफ्लासेफ’ हे उत्पादन विकसित केले आणि अनेक देशांतील शेतकरी ते वापरू लागले. प्रत्येक प्रदेशासाठी तेथल्याच मातीतील बुरशी शोधावी लागते, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य.

दुसरी दिशा पिकालाच सक्षम करण्याची आहे. इक्रिसॅटच्या संशोधकांनी अमेरिकेतील डॅनफर्थ केंद्राच्या सहकार्याने जनुकीय तंत्राने भुईमुगाची अशी रोपे तयार केली की, ज्यांत बुरशी शिरली तरी तिची विष बनविणारी जनुके गप्प बसतात. हे काम अद्याप प्रयोगशाळेच्या पातळीवरील संशोधन म्हणूनच ओळखले जाते.

खळ्यावर आणि घरात

अफ्लाटॉक्सिनची लागण बहुधा शेतातच सुरू होते. शेंगा भरण्याच्या काळात पावसाने ताण दिला, जमीन तापली आणि किडींनी शेंगांना छिद्रे पाडली की बुरशीला वाट मिळते. खरिपाचा भुईमूग काढताना परतीचा पाऊस आला, तर उरलेसुरले नुकसान तो पुरे करतो. त्यामुळे पीक वेळेवर काढणे, शेवटच्या टप्प्यात शक्य असल्यास पाणी देणे, उपटलेले वेल शेंगा वर येतील अशा रीतीने उलटे पसरून वाळविणे आणि फुटक्या, किडक्या शेंगा वेगळ्या काढणे हे साधे उपाय सर्वांत परिणामकारक ठरतात. दाण्यांतील ओलावा सात-आठ टक्क्यांपर्यंत खाली आल्यावरच ते साठवावेत. पुरती वाळलेली शेंग कानाशी हलवली की आतील दाणे खुळखुळतात, ही शेतकऱ्यांची जुनी परीक्षा आजही कामाची आहे. फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची काही ठिकाणची पद्धत मात्र बुरशीला आमंत्रण देणारी आहे.

प्रक्रिया उद्योगात रंग ओळखून खराब दाणे बाजूला काढणारी यंत्रे वापरली जातात. घरी तेच काम हातांनी करता येते. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा लवलेश असलेले आणि कडू दाणे निवडून टाकून द्यावेत. ते भाजून वा कुटून वापरू नयेत. भाजल्याने विष काही प्रमाणात घटते, परंतु त्यावर विसंबून राहता येत नाही. पावसाळ्यात दाणे थोडे थोडे आणावेत, कोरड्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. एखादा कडू दाणा चुकून खाल्ला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. धोका आहे तो महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे नकळत पोटात जाणाऱ्या अल्प मात्रेचा.

निवडून काढलेले असे दाणे वा बुरशी आलेले धान्य गाई-म्हशी, शेळ्या किंवा कोंबड्यांना घालू नये. ते खड्ड्यात पुरून टाकावे. पेंड विकत घेताना ती कोरडी आणि ताजी आहे का, हे पाहावे आणि गोठ्यात ती जमिनीपासून उंचावर, ओल लागणार नाही अशी ठेवावी. दूध संघांनी दुधातील स्निग्धांशाप्रमाणेच एम-१ची नियमित तपासणी सुरू ठेवली आणि दोष आढळल्यास उत्पादकाला खाद्याबाबत वेळीच सल्ला दिला, तर या विषाची दुधापर्यंतची वाट बऱ्याच अंशी बंद होऊ शकते.